शंभरातले शंभर

मिलवॉकीतल्या त्या वकिली फर्ममध्ये मी कायद्याचं शिकत असताना उन्हाळ्यापुरती कामाला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर विचारलं, "इथे उन्हाळाभर काम केलेल्या कुणाला कायमची नोकरी नाकारलीय का कधी?" सगळ्यांचे काटे ताटातच थांबले. माझ्याबरोबर आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात तेच होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? मी बांधली. मी रेनाटा कोवाल्चिक. पोटात एक आणि ओठांवर दुसरं आमच्या घरात कुणालाच जमत नाही.

मोठा भागीदार कर्टिस हॅल्व्हर्सन गोड हसला. "रेनाटा, आम्ही सगळ्यांना ऑफर देतो. शंभरातल्या शंभरांना. कायद्याच्या कॉलेजांनाही दरवर्षी तसंच कळवतो."

आकडा एवढा गुळगुळीत असला की कुठेतरी पाणी मुरतंय असं मला वाटतं. आणि प्रश्न साधा नव्हता. उन्हाळा संपताना ऑफर मिळाली नाही, तर पुढची प्रत्येक फर्म एकच विचारते: त्यांनी तुला का नाही ठेवलं? त्यावर काहीही सांगा, ऐकणाऱ्याच्या मनात शंका बसलेलीच असते.

कॉरिडॉरमध्ये आधीच्या उन्हाळ्यातल्या सॉफ्टबॉलच्या सामन्याचा फोटो लावला होता. एक उंच चष्मेवाला सोडला, तर त्या विद्यार्थ्यांपैकी बाकी सगळ्यांना इथे नोकरी मिळाली होती. त्याचं नाव विचारलं की अळीमिळी गुपचिळी. शेवटी एका शुक्रवारी तळलेले मासे खायला गेलो असताना फोटोतल्याच एकीने बिअरच्या नादात सांगून टाकलं. लोवेल प्रुइट, हल्ली जवळच्याच रेसिन शहरात असतो. मी त्याला फोन लावला.

"कर्टिस खोटं बोलत नाही," लोवेल म्हणाला. "मला ऑफर दिली होती. आणि त्याच दमात सांगितलं, स्वीकारू नकोस."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? थँक्यू म्हटलं नि उठलो."

म्हणजे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर लोवेलचाही आला. थँक्यू कसलं म्हणायचं त्यात?

पुढे उन्हाळाभर मी मान मोडून काम केलं, आणि ते चांगलं झालं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. शेवटच्या आठवड्यात कर्टिसने केबिनमध्ये बोलावलं. कामाचं कौतुक केलं आणि ऑफरचा कागद माझ्यापुढे सरकवला. मग घसा साफ केला. माझं मन इथे रमेल असं भागीदारांना वाटत नव्हतं म्हणे. कागद दुसरीकडे दाखवायला उपयोगी पडेल, फक्त मी तो स्वीकारू नये.

लोवेलशी बोलणं झालं होतं, त्यामुळे काय बोलायचं ते माझं कधीच ठरलं होतं.

"मी स्वीकारतेय, कर्टिस," मी म्हटलं. "पेन द्या."

"रेनाटा, मी काय म्हणालो ते तुला कळलं नाही बहुतेक."

"कळलं. मी नको असेन तर सही करायच्या आत ऑफर मागे घ्या. मी हूं की चूं करणार नाही. फक्त यंदा कॉलेजांना शंभर कळवू नका."

कर्टिसने कागद मागे घेतला नाही; खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं.

आता मी त्याच मजल्यावर बसते. भागीदारांनी मला सोपी कामं दिली नाहीत आणि मी मागितलीही नाहीत. परवा नव्या विद्यार्थ्यांच्या जेवणात एका मुलीने तोच प्रश्न विचारला, माझ्याहून जरा घाबरत. कर्टिस तोंडातला घास चावत राहिला आणि त्याने हातातला काटा माझ्याकडे रोखला. "ते रेनाटाला विचार."

मी तिला म्हटलं, "ऑफर सगळ्यांना देतात. ती मात्र आपण घ्यायची असते."