डबा रडतोय

विद्यानगरच्या त्या घरात टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्सचं रडणं दोघींनाच ऐकू यायचं, त्रिवेणीला आणि तिच्या चार वर्षांच्या भार्गवीला. टीव्ही बंद असला तरी डबा बारीक सुरात किणकिणत राही. मोबाइलचा चार्जरही तसाच. भार्गवी कानांवर हात दाबून म्हणे, "आई, डबा रडतोय." संदेश बायकोला चिडवायचा, मागल्या जन्मी दोघी वटवाघळं असाल म्हणून.

मग पोरीला मेंदूज्वर झाला. ताप उतरला, ती घरी आली, आणि त्याच डब्याला टेकून खुशाल खेळत बसली. सासूबाईंना हायसं वाटलं. एक खोड तरी गेली, म्हणाल्या. त्रिवेणीनं मात्र वाकून डब्याला कान लावला. डबा तर किणकिणतच होता.

कान तपासून आणू, असं तिनं कितीदा म्हटलं. संदेश म्हणे, कायकू टेन्शन घेतेस, विचारलं की उत्तर देते की ती. देत होती खरी. शेजारच्या पोरींत खेळून तिच्या 'हो'चं कधीच 'हौ' झालं होतं. जेवलीस? हौ. झोपायचं? हौ.

एका दुपारी त्रिवेणीनं तिच्या पाठीमागे उभं राहून हाका मारल्या. पोरगी हलली नाही. मग त्रिवेणी समोर येऊन बसली आणि चेहरा हसरा ठेवून तिनं विचारलं, "भार्गवी, तुला इथंच टाकून जाऊ?"

भार्गवीनं आईच्या ओठांकडे पाहिलं.

"हौ," म्हणाली, आणि हसली.

संदेश दारातच उभा होता. त्यानं गाडीची किल्ली घेतली.

कोटी भागातल्या कानाच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आडपडदा ठेवला नाही. बारीक आवाज आधी गेले, मोठे थोडेफार उरलेत, तेही जातील. कानाच्या आतला शंख कडक होत चाललाय. यंत्र बसवून पाहू, पण फार आशा धरू नका.

घरी आल्यावर त्रिवेणीनं लेकीला मांडीवर घेतलं. थोडंफार पोचतंय तोवर सगळं सांगून टाकायचं होतं, ती मोठी होईल तेव्हाचं, आपण नसू तेव्हाचं. तिनं कानाशी तोंड नेलं, आणि तोंडात आलं ते रोजचंच. हळू चाल. पाणी पी. चप्पल घाल गं, पाय भाजतील.

भार्गवीला गुदगुल्या झाल्या. ती खिदळत मान चुकवू लागली. त्रिवेणी तिचं डोकं घट्ट धरून मोठमोठ्यानं तेच तेच बोलत राहिली.