केसाळ रेघ

"ही केसाळ लाईन मला नकोय," देशमाने साहेब स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाले. बोटाला वेफर्सचं तेल होतं. "उद्या कस्टमर येतोय. त्याला जरा दाढी केलेली लाईन दाखवा."

मागे उभा असलेला सुपरवायझर ललित हसला. मोहिनी खैरनार हसली नाही. तिने रुमाल काढून स्क्रीनवरचा तेलकट ठसा पुसला. तो पुसला जाण्याऐवजी पसरला.

अंबडच्या त्या कारखान्यात ती टेस्ट इंजिनिअर होती. पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या मोठ्या प्रेसवर तिने सेन्सर बसवला होता. वरून खाली येणारा जड ठोकळा, ज्याला सगळे रॅम म्हणत, कोणत्या क्षणी कुठे आहे हे सेन्सर सांगे. संगणक ते सेकंदाला हजारो वेळा टिपून घेई आणि त्याची रेघ काढी.

"सर, थोडा नॉइज, ही थरथर राहणारच. मोटरची केबल शेजारून गेलीये," ती म्हणाली. मग तिने रेघेचा एक तुकडा मोठा केला. "पण ही खाच बघा. नॉइज वरही जातो, खालीही जातो. ही फक्त खाली जाते. तीही दुपारनंतर, रॅम धरून ठेवणारा ब्रेक तापला की. रॅम वर थांबलेला असतो तेव्हा मधूनच खाली सरकतोय."

"नारळाचं पाणी असेल," देशमाने म्हणाले.

कारखान्यात दसऱ्याला नारळ प्रेसच्या बेडवरच, खालच्या लोखंडी पाटावर, फोडायची पद्धत होती. यंदा ते पाणी सेन्सरच्या कनेक्टरमध्ये गेलं आणि दोन दिवस स्क्रीनवर नुसता गोंधळ माजला. मोहिनीने कनेक्टर बदलला, सगळं कोरडं केलं. पण तेव्हापासून स्क्रीनवर नको ते काही दिसलं की सगळ्यांना नारळाचं पाणी सापडायचं.

"कनेक्टर नवा आहे, सर."

"किती सरकतोय?"

"आज फार नाही. पण..."

"मग झालं तर!" त्यांनी तिच्या हातातला माऊस घेतला. सॉफ्टवेअरमध्ये किती नोंदींची सरासरी काढायची याचा एक चौकोन होता. त्यातला आकडा त्यांनी वाढवला, मग आणखी वाढवला. खाच उथळ होत गेली आणि नाहीशी झाली. "बघा. कशी गुळगुळीत!"

तो शब्द त्यांनी पेढा चघळावा तसा उच्चारला.

पापणी लवेपर्यंत येऊन जाणारी ती खाच आजूबाजूच्या शेकडो बऱ्या नोंदींत विरघळली होती, इतकंच. कॉलेजात ही रीत शिकली तेव्हा तिला ती फार आवडली होती. कचऱ्यातून खरी गोष्ट वर यायची. आता तीच रीत खऱ्या गोष्टीवर चादर ओढायला वापरली जात होती आणि चादर ओढणारा माणूस माऊसला तेल पुसत होता.

मोहिनी उठली आणि सरळ शॉपमध्ये, यंत्रांकडे गेली. प्रेसवर गोटीराम भोये होता, पेठ तालुक्याकडचा, कंत्राटावरचा. साच्यात अडकलेला भाग तो हाताने सोडवत होता. समोर लाल प्रकाशाचा पडदा होता. मध्ये हात आला की तो ब्रेकला हुकूम देई. ब्रेकच धरत नसेल तर हुकूम देऊन काय उपयोग?

गोटीरामचा हात बाहेर आला तसा तिने मेन स्विच खाली ओढला.

"काय झालं, मॅडम? लय माल काढायचाय अजून."

"ब्रेक सरकतोय, गोटीराम."

"हां, सरकतो थोडा. माहिते मला. मी झटकन काढतो ना हात. सवय झाली."

मागून धापा टाकत आलेले देशमाने खूश झाले. "ऐकलंत? ऑपरेटरला प्रॉब्लेम नाही. प्रॉब्लेम फक्त तुम्हाला आहे."

गोटीरामही मान हलवत होता. मोहिनीला त्याचाही राग आला आणि त्या रागाचीही शिसारी आली.

"सर, लाईन सरळ आहे ना?" तिचा आवाज नेहमीइतकाच हळू होता. "मी प्रेस चालू करते. तुम्ही साच्यात हात ठेवा. मी आत स्क्रीनवर एक खाच दिसेपर्यंत बघते. दिसली नाही तर उद्या कस्टमरला तीच लाईन दाखवू."

शेजारच्या प्रेसवरची माणसं थांबून बघू लागली.

"काहीतरी काय बोलता!" देशमान्यांचा उजवा हात पँटच्या खिशात गेला. ललितने त्या खिशाकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली.

मग देशमाने खिशातला हात बाहेर न काढताच म्हणाले, "ललित, मेंटेनन्सला बोलव. आणि मॅडम, उद्यापासून तुम्ही स्टोअर्स बघा. तिथे नॉइज नसतो."

ब्रेक उघडला तेव्हा जळक्या रबरासारखा वास सुटला. आतली पट्टी काळी पडून सोलली होती. देशमान्यांनी नाकाला रुमाल लावला आणि लगेच फोन कानाला. "नाही नाही, रूटीन काम आहे. सेफ्टीच्या बाबतीत आपण फार स्ट्रिक्ट, साहेब. मी स्वतः उभा राहून उघडून घेतलं." फोनवर हसताना त्यांचे सगळे दात दिसत होते.

मोहिनी हात धुवायला मागच्या नळावर गेली. स्विचचं काळं ग्रीस तळव्याला चिकटलं होतं. नळावर गोटीराम होता. लाकडाच्या भुशात धुण्याची पावडर कालवून तो हात घासत होता.

"उद्या ये म्हणाले का?" तिने विचारलं.

"नाय. प्रेस चालू झाल्यावर फोन करतो म्हणला कंत्राटदार. तोवर रोजी नाय." त्याने वर पाहिलं नाही. "मी काढत होतो ना हात, मॅडम. कधी काय झालं होतं का?"

मोहिनीने तळव्यावरचं ग्रीस नखाने खरवडलं.

तो एकेक बोट मुठीत धरून पिळल्यासारखं घासत राहिला. मग तिचे काळे हात दिसत असूनही त्याने नळ घट्ट बंद केला आणि गेटकडे चालू लागला. दहाही बोटं पसरून, पाणी झटकत.