कपाटावरची धूळ

आमच्या गावात पोरं गुदमरली तरी चालतील, पण बाहेरचं माणूस येणार म्हटलं की फरशी चकाकली पाहिजे.

तिसरीच्या वर्गाखालचा पाइप फुटला त्याला कित्येक हिवाळे उलटले. नगरपालिकेने ओल्या जमिनीवरच लिनोलियमचं नवं आच्छादन चिकटवलं आणि विषय मिटवला. तेव्हापासून पोरं खोकतात. माझी लेक हिल्ला तर घुसमटते. शनिवार-रविवार घरी राहिली की माणसात येते, सोमवारी दुपारी पुन्हा छातीत शिट्ट्या. नगरपालिकेचा इमारत-अधिकारी वेइक्को याने मला विचारलं, "घरात मांजर आहे का?"

मांजर नाही. बुरशी आहे. शाळेत.

भांडून भांडून तपासणी पदरात पाडली. कपाटाच्या माथ्यावर महिनोन्‌महिने बसलेली धूळ घ्यायची, तिचा अर्क डुकराच्या शुक्राणूंवर घालायचा. ते पोहायचे थांबले तर धूळ विषारी. मग वर्ग लगेच पटांगणातल्या तात्पुरत्या खोल्यांत हलणार.

"म्हणजे आता शाळेचा निर्णय डुकरं घेणार?" पालकसभेत वेइक्को खो खो हसला.

"आजवर तू घेतलास," मी म्हणाले, "त्यांचा तरी अभ्यास आहे."

तपासणीच्या आदल्या दिवशी मी बस घेऊन लांबच्या फेरीवर होते. तोच मुहूर्त साधून मुख्याध्यापक ताइस्तोने तालकोत पुकारला. म्हणजे सगळ्यांनी जमायचं, फुकट राबायचं, वर सॉसेज आणि कॉफी. तालकोतला दांडी मारणाऱ्याला आमच्याकडे पुढे दुकानातसुद्धा कुणी ओळख देत नाही. त्यामुळे झाडून सगळे पालक आले. ज्यांची पोरं खोकतात तेही. पाइनच्या साबणाने वर्ग असा घासला, की मेलेल्या बुरशीलाही लाज वाटावी.

सकाळी प्रयोगशाळेची आउने आली. शिडीवर चढली, कपाटाच्या माथ्यावर बोट फिरवलं आणि बोटाकडे बघतच राहिली.

"हे कुणी पुसलं?"

"मी!" इल्पोने छाती फुगवली. त्याचा मुलगा हिल्लाच्या शेजारी बसतो, तिच्याइतकाच खोकतो. "दोनदा. कोपऱ्यांतसुद्धा."

"मला तीच धूळ हवी होती," आउने म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या. आमच्याकडे तोंड मिटून बुटांकडे बघितलं की माफी मागून झाली.

"आपल्याकडे घाण आहे असं लोकांनी म्हणायला नको," ताइस्तो पुटपुटला.

"पुन्हा धूळ बसायला किती दिवस लागतील?" मी आउनेला विचारलं.

"सहा महिने. कुणी हात लावला नाही तर."

सहा महिने हिल्लाने तिथे श्वास घ्यायचा, कारण गावाला स्वच्छतेची हौस! वेइक्कोने तर दुपारीच जाहीर केलं, "तपासणीत विषारी धूळ आढळली नाही." एक शब्दही खोटा नाही. असली माणसं खोटं बोलतच नाहीत, तेवढीसुद्धा मेहनत नको असते त्यांना.

सोमवारी मी हिल्लाला शाळेत पाठवलं नाही. घरीच शिकवणार, असं ताइस्तोला कळवून टाकलं. थोड्या वेळाने दार वाजलं. इल्पो, मुलाला घेऊन.

"गणित मी घेतो," तो बुटांकडे बघत म्हणाला. "भाषा तू बघ."

मग बाकीचेही आपापली पोरं घेऊन आले. दुपारपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात बसायला जागा उरली नाही. ताइस्तोचा फोन आला.

"हे काय चालवलंयस? वर्ग रिकामा पडलाय! एवढा लख्ख केलेला वर्ग!"

"मग तुझं ऑफिस हलव तिथे," मी म्हणाले. "आणि कपाट पुसू नकोस."