वकिलांच्या पाटीवरचा 'जामीन'

आमच्या कचेरीच्या खिडकीत लाल दिव्यांचा एकच शब्द होता, 'जामीन', आणि समोर तुरुंग. नव्यानं आत आलेल्या माणसाला पहिल्या खोलीच्या जाळीतून तो शब्द आणि खालचा फोन नंबर दिसे. अल्विन कुबेनासाहेबांची वकिली त्यावरच चालली होती.

टेक्ससमध्ये जामीन विकणं, म्हणजे फी घेऊन आरोपीला जामीन राहणं, हा परवान्याचा धंदा आहे. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, वकिलाला परवाना लागत नाही, पण ज्याला जामीन राहायचं त्याचा खटलाही त्यानंच चालवायचा. आत बसलेल्याला हे कुठून ठाऊक असणार? तो शब्द वाचून फोन करी आणि बाहेर येईपर्यंत कुबेनासाहेब त्याचे वकील झालेले असत.

साहेबांना ते आवडे. त्यांच्या पत्नी लोरीनबाई वारल्यापासून घरी त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं. अशील म्हटलं की निकाल लागेपर्यंत येत-जात राहतो. साहेब त्याला कॉफी देत, आईची चौकशी करत, उगीचच बसवून ठेवत. मी टाइप करता करता ऐकत असे आणि मनात म्हणे, देवा, यांना माणसं पुरवत राहा.

मार्चमध्ये काउंटीच्या जामीन मंडळानं ठराव केला. वकिलांनी जाहिरातीत 'जामीन' हा शब्द वापरायचा नाही, पाटीवर नाही आणि फोन उचलतानाही नाही. सोमवारपर्यंत उतरवला नाही, तर जामीन राहायचा हक्कच जाणार. तक्रार केली होती डेल मारेकनं. कोपऱ्यावर त्याचं जामिनाचं दुकान. साहेबांचा तो शाळेपासूनचा मित्र, आणि आता उरलेला एकटाच.

शुक्रवारी दुपारी तोच भाजलेल्या मांसाचा पुडा घेऊन दारात उभा राहिला.

"अल्विन, रागावलायस?"

"तुझ्यावर? तुझ्या अंगावर धावून जायचं तर आधी मला गुडघे बदलावे लागतील."

"युलालियाबाई, तुम्ही तरी घ्या." त्यानं पुडा माझ्यापुढे केला.

"आज शुक्रवार, डेलभाऊ. ईस्टरआधीचे आमचे उपासाचे दिवस चाललेत, मांस चालत नाही."

"झालं! आज माझ्या हातचं कुणीच खाणार नाही." तो खुर्चीत धपकन बसला. "शब्द काढ, लेका."

"आणि जेवू काय? 'वकील' वाचलं की लोक घाबरतात. यात आपण बुडणार असं त्यांना वाटतं. फोन करतात ते 'जामीन' वाचून."

"मीही तेच सांगतोय! ते जामीन मागतात आणि तू गळ्यात पडतोस."

डेलभाऊनं आवाज खाली आणला.

"हेर्मिनिया कांतू माझ्या दुकानात येऊन रडली. तिच्या मुलाला, रुबेनला, कोर्टानं एक वकील मुलगी दिली होती. तिनं त्याचं आजारपण, औषधं, सगळं समजून घेतलं होतं. तो तुझ्या जामिनावर सुटला आणि ती पोर बाजूला झाली."

"मग हेर्मिनिया मला का नाही बोलली?"

"कशी बोलणार? तू इतका प्रेमानं वागतोस!"

"मी रुबेनसाठी काय कमी केलं, डेल?"

"काही नाही. पण त्यांनी तुला निवडलं नव्हतं."

मग साहेबांनी स्टूल खिडकीशी ओढलं, दिव्याची पिन काढली आणि स्क्रू पिळायला लागले. डेलभाऊ उठून स्टूल धरून उभा राहिला. अक्षरं उतरवून झाली तरी काचेवर त्यांच्या जागा स्वच्छ दिसत होत्या. मी बाकीची काच ओल्या फडक्यानं पुसली तेव्हा सगळी सारखी झाली.

सोमवारी साहेबांनी मला रुबेनचा जामीन डेलभाऊकडे आणि खटला त्या मुलीकडे परत सोपवायला सांगितलं. त्यानंतर फोन जवळजवळ वाजेनासाच झाला. साहेब रोज वेळेवर येत, कोट खुंटीला लावत आणि टेबलाशी बसून राहत.

एका दुपारी फोन वाजला. तुरुंगातून होता. साहेबांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू होता.

"जामीनवाले का? इथं भिंतीवर कुणीतरी हा नंबर कोरलाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही रे. मी वकील आहे. तुला वकील मिळालाय का?"

"कोर्टानं दिलाय. बरा वाटतो माणूस."

हे उत्तर गिळायला साहेबांना एक क्षण लागला. "मग त्यालाच धर. जामिनाला डेल मारेककडे फोन कर. नंबर लिहून घे."

"पेन नाही देत इथं."

"मग माझ्यामागून म्हण."

साहेबांनी शाळेतल्या पाढ्यासारखा नंबर म्हटला. पलीकडून तो पोरगा म्हणत गेला. चुकला, पुन्हा म्हणाला, पाठ झाला. काम संपलं होतं, पण फोन कुणीच ठेवला नाही.

"साहेब, बाहेर कसं आहे हो?"

"ऊन आहे. दक्षिणेचा वारा सुटलाय. तू कुठला?"

"टेकड्यांकडचा. आमची पीचची बाग आहे. इथं कुणी बोलत नाही माझ्याशी."

तेवढ्यात यंत्रातली बाई मध्येच म्हणाली, एक मिनिट शिल्लक आहे.

साहेबांनी खुर्ची फोनजवळ ओढली. "मग भरभर सांग," ते म्हणाले, "यंदा फुलं कशी आलीत?"