बारा डिसेंबरची शुभेच्छा

यंदा थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस आणि डॉईलचा बारा डिसेंबरचा वाढदिवस हे तिन्ही आम्ही ऑक्टोबरातल्या एका रविवारी उरकले. उरकले हाच शब्द बरोबर. डॉक्टर नोव्हेंबरपलीकडचं काही बोलायला तयार नव्हते, आणि दोन्ही मुलांना रजा तेव्हाच मिळत होती. चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेला डॉईल, माझा नवरा, खिडकीपाशी खाटेवर पडून होता. मी इतकी थकले होते, की टर्की भाजताना ओव्हनसमोर उभ्याउभ्या मला डुलकी लागली.

त्यात परिझात आली. कॉलेजातल्या परदेशी मुलांना रविवारी जेवायला बोलावणारी गावात काही घरं आहेत, त्यांतलं एक आमचं. यंदा आमच्याकडे ही कझाकस्तानची मुलगी होती. तिला आमचे सणवार समजावून सांगायचं काम माझं. बारा वर्षं दर नव्या पोराला तेच सांगून माझं तोंड दुखलं होतं.

ती दारातच थबकली. कोपऱ्यात ख्रिसमसचं झाड, टेबलावर टर्की, ओट्यावर केक.

"मिसेस केटरिंग, टर्की नोव्हेंबरात ना? तुम्हीच सांगितलं होतं."

"हो. चौथ्या गुरुवारी."

"आणि झाड?"

"डिसेंबरात. अगं बाई, यंदा सगळं आजच आहे. बस आणि जेव."

डॉईल खाटेवरून हसला. "तिला नको विचारूस, पोरी. आमच्या घरी सणांचा सेल लागलाय. एकावर दोन फुकट."

मुलं हसली नाहीत. थँक्सगिव्हिंगला जेवताना प्रत्येकानं कशाबद्दल आभार मानायचे ते सांगायचं असतं. थोरला कर्टिस "बाबांबद्दल" एवढंच म्हणाला आणि पाणी आणायच्या निमित्तानं उठला. मग भेटी उघडून झाल्या, केकवर मेणबत्त्या लागल्या, आम्ही गाणं म्हटलं. परिझातचे ओठ मिटलेलेच होते.

"तुला गाणं येत नाही का?" मी विचारलं.

"येतं." ती लालबुंद झाली. "पण आमच्याकडे दिवसाच्या आधी शुभेच्छा देत नाहीत. आधी दिल्या तर तो दिवस त्या माणसाला दिसत नाही, असं म्हणतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग तुमच्या रीती तुमच्या घरी ठेव! आम्हाला काय कॅलेंडर वाचता येत नाही? आम्ही हौसेनं करतोय का हे?"

"व्हर्ना, पुरे," डॉईल म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "तू कधी देशील मग?"

"बारा डिसेंबरला. सकाळीच येईन."

"ये तर मग. मी वाट बघतो."

आणि त्यानं खरंच वाट बघितली. नोव्हेंबर गेला. खऱ्या थँक्सगिव्हिंगला मी दोन अंडी तळली, त्यातलं अर्धं त्यानं खाल्लं. बर्फ पडायला लागलं. रोज सकाळी तो तारीख विचारायचा. बारा तारखेला या म्हणून मी मुलांना फोन केले. कर्टिस म्हणाला, "आई, वाढदिवस केला ना आपण? आता रजा कुठून आणू?" त्याचा राग नाही आला मला. निरोप घ्यायला मीच बोलावलं होतं त्यांना, आणि तो घेऊन ती गेली होती. पुन्हा तेच करायचं त्राण त्यांच्यात कुठून येणार?

बारा तारखेला सकाळी आठला बेल वाजली. परिझातचे बूट बर्फानं भरले होते. नऊला तिची परीक्षा होती. मी तिला सांगून टाकलं, "दोन दिवस झाले, तो बोलत नाही."

ती कोट न काढताच खाटेपाशी गेली, खाली वाकली. "मिस्टर केटरिंग, वाढदिवसाच्या शुभेच्छा."

त्यानं डोळे उघडले. "आज?"

"आज."

"जमलं म्हणजे." मग त्यानं मला शोधलं. मी पायथ्याशी उभी होते, आणि दीड महिना ज्या दिवसासाठी तो जीव धरून राहिला होता, त्या दिवसाची मी काहीच तयारी केली नव्हती. मी मनातून त्याला कधीच पोहोचवून मोकळी झाले होते.

"व्हर्ना," तो म्हणाला, "केक कुठाय?"

केक नव्हता. तो आम्ही ऑक्टोबरातच खाल्ला होता.