पार्वती, तीस मार्चपासून

सकाळी गोदामात पाऊल टाकलं की बाकीची माणसं चहा शोधतात. मी आधी सर्व्हरला विचारते, की बाबा, आत कोण कोण बसलंय. काळ्या पडद्यावर ‘हू’ एवढंच टाइप करायचं. मग नावांची रांग लागते: कोण, कुठल्या टेबलावरून आणि कधीपासून. त्या रांगेत रात्री घरी जाऊन, जेवून, झोपून परत आलेली माणसंही असतात, कारण उठताना लॉगआउट करायची सवय आमच्याकडे कुणाच्या बापाला नाही. खुर्ची मागे सरकवली की ड्युटी संपली. मी भिंतीवर कागद चिकटवला होता, ‘उठताना लॉगआउट करा’. आता त्या कागदावर टेम्पोवाल्यांचे फोन नंबर लिहिलेले आहेत.

मी मनाली. घर कोन गावात, नोकरी वडप्याला, आणि मधल्या रस्त्यावर कंटेनरच्या मागे स्कूटरवर जे आयुष्य जातं ते कुठल्याच हजेरीत धरत नाहीत. गोदामातला सर्व्हर चालता ठेवणं हे माझं काम. तो चालला तर माझी कुणाला आठवण येत नाही, आणि अडला तर माझ्या नावाने शिमगा.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या रांगेत सगळ्यात वर रोज एकच ओळ असायची. पार्वती, तीस मार्चपासून.

पार्वती मावशी परत आलेल्या मालाच्या टेबलावर बसते. गिऱ्हाइकाने नाकारलेला मिक्सर, चप्पल, दप्तर, जे येईल ते उघडायचं, बघायचं आणि परत विकायचं की भंगारात काढायचं ते कॉम्प्युटरमध्ये भरायचं. गाव वडपेच. ज्या जागेवर आमचं गोदाम उभं आहे तिथे तिच्या सासऱ्यांची भातशेती होती. जमीन गेली, दीरांनी बंगले बांधले आणि नवरा आधीच वारलेल्या पार्वती मावशीच्या वाट्याला ही खुर्ची आली.

मार्चअखेर हेड ऑफिसने नियम काढला: कॉम्प्युटरच्या टेबलावर बसणारा माणूस दहावी पास हवा. ज्यांच्याकडे दाखला नाही त्यांचे आयडी एक एप्रिलपासून बंद. दोन पुरुष होते, त्यांना लोडिंगवर पाठवलं. मावशीची कंबर आधीच गेलेली, तिला गोणी कोण उचलायला देणार? तिचा आयडी बंद झाला म्हणजे नोकरीच गेली.

पण आयडी बंद करणं म्हणजे दाराला बाहेरून कुलूप लावणं. नवीन कुणी आत येऊ शकत नाही, पण जो आधीच आत आहे त्याला कुणी हाताला धरून बाहेर काढत नाही. मावशी तीस मार्चला लॉगइन करून आत शिरली होती आणि नेहमीसारखीच लॉगआउट न करता उठून जात होती. एक तारखेला आली, माउस हलवला, पान उघडंच होतं, कामाला लागली. आणि आमची हजेरी सर्व्हरवरूनच निघते. आत काम दिसलं, की माणूस हजर.

ज्या सवयीसाठी मी तिला तीन वर्षं शिव्या घातल्या, त्याच सवयीने तिची नोकरी वाचवली होती.

रांगेत तिचं नाव दिसल्यावर मी तिच्या टेबलाशी गेले. बंद करायलाच गेले होते, खोटं का बोला.

“मावशी, तुझा आयडी बंद झालाय. तुला कुणी सांगितलं नाही?”

“दीपेशनी सांगलान,” ती म्हणाली. दीपेश आमचा सुपरवायझर; टेबलावरचं काम निघतंय तोवर तो कुणाकडे वळून बघत नाही. “पन पडदा तर चालू हाय.”

“चालू आहे तो मी बंद करायचाय.”

तिने हातातलं दप्तर खाली ठेवलं. “गो मनाली, मी यंदा परीक्षेला बसलेली हाय. सतरा नंबरचा फॉर्म भरून, भायेरून. लेकाचे पुस्तक घेऊन अभ्यास केलाय. मे महिन्यात निकाल लागंल. पास झाले तर दाखला येईल ना? तवर ऱ्हाऊ दे.”

“आणि नापास झालीस तर?”

“तर मग तू सांगशील तवा उठेन.”

मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जागेवर येऊन दुसरं काम काढलं. त्यालाच हो म्हणतात, हे मला नंतर कळलं.

मला वाटलं होतं, डोळेझाक करायला काय मेहनत लागते? लागते. आमचा सर्व्हर म्हातारा आहे. दर आठवड्याला त्याला एकदा बंद करून चालू करावा लागतो, म्हणजे आत तुंबलेलं सगळं निघून जातं आणि तो आठ दिवस बरा वागतो. दहा मिनिटांचं काम. पण सर्व्हर बंद केला की आतले सगळे बाहेर फेकले जाणार, आणि बाकीचे परत आत येतील, मावशी येणार नाही.

म्हणून अख्खा एप्रिल मी तो बंदच केला नाही.

त्याच्याऐवजी काय केलं? तांदूळ निवडतात तसं निवडत बसले. ‘पीएस’ टाइप करायचं, आत चाललेल्या एकेका कामाची यादी यायची, त्यातलं कुठलं जिवंत आणि कुठलं अडकून मेलेलं ते ओळखायचं, आणि मेलेल्याला ‘किल’ लिहून काढायचं. एक काढलं की दोन अडकायची. लाइट गेली की वेगळा ताप. टेबलावरचे पडदे मरायचे, सर्व्हर इन्व्हर्टरवर तग धरायचा, आणि लाइट आली की सगळ्यांच्या आधी धावत जाऊन मी मावशीला तिच्या जुन्या पानाशी जोडून द्यायची. रविवारी सासरच्या हळदीला गेले होते. तिथे डीजे ठणाणा वाजतोय, बायका नाचतायत, आणि मी मंडपामागे लॅपटॉप मांडीवर घेऊन मेलेली कामं मोजतेय. नणंद म्हणाली, “वहिनी, तुमचा सर्व्हर कुठे पळून जातो का?” मला हसू आलं नाही. डोळे जळत होते, मान धरली होती, आणि खरं सांगायचं तर मावशीचा राग येत होता. ती निवांत चपला तपासत बसायची. तिच्या पायी मी काय निस्तरतेय ते तिला ठाऊकही नव्हतं, आणि सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

हेड ऑफिसातून भाविक सरांचा फोन यायचा. “मनाली, सर्व्हर स्लो का आहे? रीस्टार्ट कधी केला होता?”

“सर, माल खूप आहे. बंद करायला वेळच मिळत नाही.”

“दहा मिनिटं मिळत नाहीत?”

“ट्रक उभे असतात सर.”

हे तर खोटंही नव्हतं. वडप्याला ट्रक कधी उभे नसतात?

मेच्या मध्यावर निकालाची तारीख जाहीर झाली. मंगळवार, दुपारी एक. सरांनी सोमवारी संध्याकाळी रीस्टार्ट करायला सांगितलं. मी त्यांच्याकडून मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतरचं कबूल करून घेतलं. आयुष्यात मी एवढा घोळ लग्न ठरवतानाही घातला नव्हता. मावशी पास झाली तर निकालाचा कागद त्याच दुपारी पाठवायचा, तिचं चालू काम दाखवायचं आणि आयडी उघडून घ्यायचा, असा माझा बेत होता. चालू माणसाचा आयडी उघडणं सोपं असतं. एकदा गेलेल्या माणसाला परत आणायला सतरा सह्या लागतात.

मंगळवारी अकराच्या सुमारास सर्व्हर बसला.

नुसता मंद नाही, बसलाच. गेटवर पावती निघेना. पावतीशिवाय ट्रक हलेना. रांग गोदामातून बाहेर, बाहेरून सर्व्हिस रोडवर गेली. हॉर्न सुरू झाले. उन्हाने पत्रा तापलेला, ड्रायव्हर गाडीच्या सावलीत चाकाला टेकून बसलेले. दीपेश धावत आला.

“मनाली, काय करतेस तू? बाहेर माणसं मारामारीवर आलीत! किती वेळ?”

“बघते.”

“महिनाभर बघतेच आहेस!”

मी यादी काढली. अडकलेली कामं एकेक करून मारली, फरक पडेना. मग यादी वेगळ्या तऱ्हेने लावली, कोणतं काम सर्व्हरची किती मेमरी खातंय त्या क्रमाने. महिनाभर मी ती तशी लावलीच नव्हती. का लावली नव्हती, ते पहिली ओळ दिसल्यावर मला कळलं. पार्वती. तीस मार्चपासून उघडं असलेलं तिचं ते एक पान दिवसेंदिवस फुगत गेलं होतं. निम्म्याहून जास्त सर्व्हर त्या एकट्याने गिळला होता. मी दीड महिना आजूबाजूचे खडे वेचत होते आणि पातेल्यात धोंडाच पडलेला होता.

‘किल’ आणि पुढे तिच्या कामाचा नंबर, एवढं टाइप करून माझं बोट थांबलं. तिला न सांगता मारायचं? तिच्या हाताखालचा पडदा अचानक काळा होणार आणि ती बिचारी माउस हलवत बसणार. मी उठले.

मावशीचं पानही अडकत अडकत चाललं होतं. ती एका मिक्सरचं झाकण लावून बघत होती.

“मावशी,” मी म्हटलं, “बाहेर जे अडलंय ना, ते तुझ्या पानामुळे.”

“माज्यामुळं?”

“दीड महिना उघडं आहे. ते बंद केल्याशिवाय सर्व्हर उठणार नाही. निकालाला अजून दोन तास आहेत. मी ओढून बघितलं गं. खूप ओढलं.” आणि मला रडू यायला लागलं. मावशीसाठी म्हणावं तर मी तेवढी चांगली नाही. नुसती दमले होते.

तिने खिडकीतून बाहेर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि बहुतेक पहिल्यांदाच नीट बघितलं.

“डोले कवरे लाल झालेत तुजे. माज्यामुळंच ना ते पन?”

मी ओढणीने डोळे पुसले.

“येडी. सांगायचंस ना.” तिने मिक्सर खोक्यात ठेवला, त्याची नोंद पूर्ण व्हायची वाट बघितली. “आता बंद कसा करायचा ते दाखव. तूच मारू नकोस. बसलेय मी, तर उठेन पन मीच.”

मी तिला दाखवलं. ‘एक्झिट’ ही चार अक्षरं तिने एका बोटाने शोधून शोधून दाबली आणि एंटर मारला. पडदा काळा झाला.

“एवढाच व्हता?” ती म्हणाली. “तीन वर्सं तू एवढ्यासाठीच कावत व्हतीस?”

तिने डबा पिशवीत टाकला, खुर्ची पुसली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. पाच मिनिटांत गेटवर पावत्या निघायला लागल्या. हॉर्न थांबले. जेवणाच्या सुट्टीत मी सर्व्हर बंद करून चालू केला. दहा मिनिटंही लागली नाहीत.

एक वाजता आम्ही दोघी पायरीवर माझा फोन घेऊन बसलो. निकालाच्या पानावर नुसतं चक्र फिरत होतं. अख्ख्या महाराष्ट्रातली पोरं एकदम तिथे शिरलेली. मला त्या टोकाला काळ्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाची दया आली. शेवटी पान उघडलं. बैठक क्रमांक टाकला. खाली आईचं नाव मागत होते.

“आईचं नाव सांग.”

“माज्या आयचा?” मावशी गडबडली. “तिचा कशाला? ती तर अंगठा लावायची.”

“तरी लागतं.”

“बायजा,” ती म्हणाली, आणि पदर डोक्यावर घेतला.

मी बायजा टाइप केलं. मराठीत एकाहत्तर. गणितात पस्तीस. पास.

मावशीने फोन हातात घेऊन आकड्यावर बोट ठेवलं. “पस्तीस म्हंजे किती लागतात?”

“पस्तीसच लागतात.”

“मग बराबर हाय,” ती म्हणाली आणि उठून वडप्याच्या पायवाटेने घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून तिची खुर्ची रिकामी. निकाल मी त्याच दुपारी हेड ऑफिसला पाठवला होता. भाविक सरांचं उत्तर आलं: सर्व्हर आता छान चालतोय, काय केलंत? मी लिहिलं, रीस्टार्ट. आणि खाली पुन्हा मावशीचं. त्यावर उत्तर नाही. मग मी रोज सकाळी ‘हू’ टाइप करायचं, तिची ओळ नाही हे बघायचं, आणि सरांना मेल करायचा, असा नेमच धरला. परत आलेल्या मालाचा ढीग टेबलावरून जमिनीवर आला आणि जमिनीवरून छताकडे निघाला, तेव्हा दीपेशही फोन करायला लागला. सह्या सतरा लागल्या नाहीत, पण फार कमीही नाही. मूळ गुणपत्रिका शाळेतून आली, तिची प्रत गेली, आणि जून लागला तेव्हा कुठे नवा आयडी आला. पार्वती, आजपासून.

ती आली, एका बोटाने नवा पासवर्ड टाकला, आणि दिवसभर ढीग उपसला. मी संध्याकाळी लवकर निघाले. कित्येक दिवसांनी रात्रभर झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘हू’ टाइप केलं. रात्री घरी गेलेली सगळी मंडळी होती. पार्वती नव्हती.

आयडी परत बंद केला? दाखल्यात काही चूक निघाली? कुणी काढलं? चहा तसाच ठेवून मी परत आलेल्या मालाच्या टेबलाकडे धावले. खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली. पडदा काळा. मी फोन काढून भाविक सरांचा नंबर शोधत होते, तेवढ्यात मागून डब्याची पिशवी ठेवल्याचा आवाज आला.

“काय झाला गो? भूत बघितलंस काय?”

“मावशी, तुझं नाव दिसत नाहीये आत. कुणी बंद केलं?”

“मीच केला,” ती खुर्ची ओढत म्हणाली. “तूच चिकटवलायस ना भिंतीवर, उठताना बंद करा म्हनून.”

“अगं पण तू तर कधीच करत नव्हतीस!”

“तवा भेव वाटायचा. पासवर्ड चुकला न् परत आत घेतलं न्हाय तर?” ती बसली, चष्मा लावला आणि कीबोर्डावर एक बोट फिरवत पहिलं अक्षर शोधू लागली. “आता काय भेव? आता दाखला हाय माज्याकडं. तू जा, चहा पी.”