भंगारातली पणजी

आमचं ध्यान मंचरच्या भंगारवाल्याकडनं एका तरण्या बाईचं तैलचित्र घेऊन आलं. जुनं, रंगाला भेगा पडलेल्या, खाली ना सही, ना नाव. मला वाटलं, चौकट कामाला येईल. तर ह्यांनी ते आमच्या शिनोलीच्या घरात, ऐन सोफ्याच्या वर ठोकलं! कारण समृद्धीला बघायला राजुरीचे पावणं येणार व्हते. बडं घर. त्यांच्या ऋषीचं आन् आमच्या पोरीचं कालेजातच जमलेलं, बघणं नुसतं नावाला. पण मोडलं असतं तर पोरगी हाय खाऊन बसली असती.

पोहे खाता खाता ऋषीच्या बापाची, ज्ञानेश्वररावांची, नजर वर गेली. "ह्या कोन?"

"आमची पणजी!" हे छातीठोक बोलले.

"चित्रकाराची सही दिसत न्हाई."

"तवाचे चित्रकार राव, सही करायलाबी लाजायचे!"

ऋषीची आजी, प्रयागबाई, उठल्या. चष्मा पुसून चित्राजवळ गेल्या आन् हात जोडले. "अगं बया! ह्या तर माझ्या आजेसासू! कवाचं हरवलं व्हतं हे चित्र."

हे हरखले. "म्हंजे आपुन एकाच रक्ताचे की!"

"तेच तर. एकच पणजी म्हंजे भावकी झाली. पोरगा-पोरगी भाऊबहीण. भावकीत कुठं लग्न व्हतं व्हय? ज्ञानेश्वर, ऊठ."

समृद्धीनं हातातल्या कपबश्या तिथंच खाली टेकवल्या. ऋषी पांढराफटक. माझं डोकंच फिरलं. पदर खोचून सैपाकघरातनं बाहेर आले. "अहो, आता का दातखीळ बसली? पोरीचं वाटोळं करताय का?"

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "त्ये... भंगारातनं आणलंय. बाई कोन हाय, मला काय ठाऊक!"

प्रयागबाई शांतपणे खाली बसल्या, पोह्यांची बशी पुढं ओढली. "मला तरी कुठं ठाऊक? तुमी थाप मारली, मीबी मारली. म्हटलं, बघू कुणाची आधी फुटती."

घर हसून हसून लोळलं. हे खाली मान घालून चित्र काढायला उठले, तर आजीनं हटकलं. "राहू द्या पावणं. एवढी देखणी, आन् कुणाचीच न्हाई? ह्या दोघांच्या पोरांना सांगू, दोन्हीकडनं तुमचीच पणजी."

म्हटलं, झालं! एक थापाड्या सांभाळता सांभाळता माझी निम्मी जिंदगी गेली, आन् माझी पोरगी तर थापाड्यांच्या आख्ख्या घरात चालली.